धार कोणाची?

दिवाळीत मुलांनी फुलबाजी पेटवली की ती विझेपर्यंत मी तिच्याकडे टक लावून पाहत उभा राहतो. माझी धाकटी मला त्यावरून हसते. तिला वाटते, बापाचे पोरपण अजून गेलेले नाही. खरे कारण निराळे आहे. फुलबाजीच्या मसाल्यात लोखंडाचा कीस असतो, आणि तो जळताना ज्या चांदण्या फुटतात त्या माझ्या फार जुन्या ओळखीच्या आहेत. इतरांच्या घरी त्या चार दिवस उडतात. आमच्या घरी वर्षाचे बाराही महिने उडत. माझे वडील टर्नर होते. मूल गावी, गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, टिनाच्या छपराखाली त्यांचा एक लेथ होता आणि लेथशेजारी लाकडी ओंडक्यावर बसवलेला, दोन चाकांचा ग्राइंडर. त्या ग्राइंडरपुढे उभे असलेले बाबा हीच माझी लहानपणची कायमची दिवाळी.

बाबा ठिणगीवरून लोखंडाची जात ओळखीत. साध्या लोखंडाची ठिणगी लांब, पिवळी आणि सरळ जाते. कानशीच्या पोलादाची जवळच फुटते, तिला फांद्यांवर फांद्या येतात, अगदी फुलबाजी. आणि हायस्पीड स्टीलची ठिणगी मंद, तांबूस, तुटक. दोन बोटे गेली न गेली तोच विझते. मला या शेवटच्या पोलादाची कीव येई. एवढे महागाचे पोलाद, आणि ठिणगी अशी केविलवाणी! बाबांना मी तसे म्हटले तेव्हा ते म्हणाले होते, "ज्याचा तमाशा कमी, त्याचं काम जास्त, बाबू."

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. कुंभाराचे चाक उभ्याचे आडवे केले आणि मातीच्या जागी लोखंडाचा दांडा धरला की लेथ झाला. दांडा फिरतो, कुंभाराच्या बोटांच्या जागी एक पोलादी टूल घट्ट आवळून बसवलेले असते. ते फिरत्या दांड्याची साल काढीत जाते. हे टूल म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची, चार इंच लांबीची चौकोनी कांडी. दुकानातून येते तेव्हा तिला धार नसते. बाबा 'मिरांडा' छापाच्या कांड्या आणीत. त्या तेलकट कागदात गुंडाळलेल्या असत आणि हातात घेतल्या की लहान असूनही जड लागत. त्या कांडीतून धार काढायची ती टर्नरने स्वतःच्या हाताने, ग्राइंडरवर. गवंड्याला करणी विकत मिळते, शिंप्याला सुई मिळते. टर्नरला मात्र आपली सुई आपणच घडवावी लागते.

कांडी जड लागते ती तिच्यातल्या टंगस्टनमुळे. जुन्या हायस्पीड स्टीलमध्ये शंभर भागांत १८ भाग टंगस्टन, ४ भाग क्रोमियम आणि १ भाग व्हॅनेडियम असे. लोहार कोयत्याला पाणी देतो ते साधे पोलाद दोनअडीचशे अंशांच्या पुढे तापले की त्याचे पाणी उतरू लागते. हे पोलाद सहाशे अंशांच्या आसपासही आपली कठिणाई सोडीत नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने असे टूल लेथवर चालवून दाखवले. टूलचे टोक लालसर झाले होते, निघणारी साल तापून निळी पडत होती, आणि तरी टूल कापीतच होते. पाहणाऱ्यांचा म्हणे डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या टेलरसाहेबाची गाठ मला पुढे अवचित पडली. ते यथावकाश येईलच.

१९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. त्याच साली बाबांनी बल्लारपूरकडच्या एका कारखान्यातली नोकरी सोडली आणि बटाल्याचा एक जुना लेथ घेऊन मूलला दुकान मांडले. हिशेब सरळ होता. मूल, सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरी, वडसा हा सगळा धानाचा मुलूख. गावोगाव राइस मिला. राइस मिल म्हटली की शाफ्ट झिजणार, बुश झिजणार, पुलीचा गाळा सैल होणार. दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापणीला येतो, मागून भारी धान. म्हणून मिलवाल्यांची सगळी दुरुस्ती दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात. लोक आकाशकंदील बांधीत तेव्हा आमच्या दारात बैलगाड्यांतून आणि ट्रॅक्टरांतून शाफ्ट येऊन पडत. आई म्हणे, "लक्ष्मी येते ती आमच्याकडे काळी होऊनच येते."

१९९५ साली मी मॅट्रिक झालो. आता तिला दहावी म्हणतात, पण आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून मॅट्रिकच आहे. पुढे शिकवण्याइतके घरात नव्हते, आणि खरे सांगायचे तर मार्कही तसे नव्हते. बाबांनी मला खाकी कापडाचा एक ॲप्रन शिवून आणला आणि ग्राइंडरपुढे उभे केले.

पहिला धडा चाकाचा. नवे चाक बसवण्याआधी ते बोटावर लटकवून लाकडाच्या मुठीने हलकेच ठोकायचे. बाया बाजारात मडके घेताना टिचकी मारतात तसे. खणखणीत वाजले तर चाक धड. बद्द वाजले तर आत चीर आहे, ते बसवायचे नाही. चाक सुरू करताना त्याच्या समोर उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे. डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत, कारण चाक मोजा ओढते आणि मोज्याबरोबर हातही. कांडी टेकवायची पट्टी आणि चाक यांत तीन मिलिमीटरहून अधिक फट राहू द्यायची नाही. कांडी एका जागी दाबून धरायची नाही, चाकावर डावी-उजवीकडे फिरवीत ठेवायची, नाहीतर चाकाला खाच पडते. आणि ती हाताला सोसवेनाशी होण्याआधी पाण्यात बुडवायची. पुन्हा पुन्हा, थोडी थोडी. लाल होऊ दिली आणि मग एकदम बुडवली तर पोलादाला केसाएवढ्या चिरा जातात. त्या दिसत नाहीत. आठ दिवसांनी टोक तुटते तेव्हा कळतात.

दुसरा धडा कोनांचा, आणि तो मला कधी नीट आला नाही. धारेच्या खालची बाजू आत उतरती ठेवायची. तिला क्लिअरन्स म्हणतात. सहा ते दहा अंश. ती नसेल तर धार लोखंडाला लागतच नाही, तिच्याखालचे पोट नुसते घासत राहते. वरच्या बाजूला साल घसरून जायला उतार द्यायचा, त्याचे नाव रेक. साध्या लोखंडाला बाराचौदा अंश, बिडाला त्याहून कमी, पितळेला तर जवळजवळ शून्य. कारण उताराचे टूल पितळेत आपणहून आत ओढले जाते आणि काम नासते. शेवटी टोकाला बारीक गोलाई देऊन ऑइलस्टोनवर दोन हात मारायचे. धार लागली की नाही हे पाहण्यासाठी ती अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायची. नखात रुतली तर धार आहे, घसरली तर नाही.

माझी खोड अशी की मला धार फार बारीक हवी असे. दोन्हीकडून कोन वाढवून मी टूलचे टोक असे काही निमुळते करीत असे की त्याने कागद कापावा. कापीतही असे, ओळखीच्या पोरांना मी ते करून दाखवी. बाबा एवढेच म्हणत, "धारेमागे पोट पाहिजे, बाबू. नुसती धार का कामाची?" मी मान डोलवीत असे. मनात म्हणे, म्हाताऱ्यांना नवे हात आवडत नाहीत.

आणि माझी टूले तर छान चालत होती! संध्याकाळी मी दिवसाची बोथट झालेली टूले घासून ओळीने फळीवर ठेवी. दुसऱ्या दिवशी ती लेथवर चढत आणि साल सुंदर निघे, अखंड, वेटोळी, जिलबीसारखी. वर्षभरातच मी स्वतःला कारागीर समजू लागलो. रात्री दिव्याखाली वही घेऊन गोष्टी लिहीत बसे. दुकानात कुणी आले तर आईच सांगे, "माझ्या पोराच्या हाताला बापासारखी धार आहे." बाबा तेव्हा ग्राइंडरजवळ काहीतरी शोधीत असत.

१९९७ च्या दिवाळीआधी बाबांना हिवताप झाला. आमच्या जंगलपट्टीत हे नवे नाही. पण या वेळी ताप डोक्यात गेला आणि त्यांना चंद्रपूरला दवाखान्यात ठेवावे लागले. सीझन तोंडावर. दारात सात शाफ्ट. मी छाती फुगवून म्हटले, मी आहे ना.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी एका मिलचा मोठा शाफ्ट घेतला. झिजलेली जागा वेल्डिंगने भरून आणलेली होती. ती टर्न करून बेअरिंगच्या मापाला, पन्नास मिलिमीटरला, आणायची. वेल्डिंग केलेली जागा म्हणजे दगडाचा रस्ता. वर उंचवटे, खाली खड्डे, मध्येच एखादी गाठ काचेसारखी कडक. माझे निमुळते टोक पहिल्याच गाठीला मोडले. पुन्हा घासले, पुन्हा मोडले. मग घाबरून जाडजूड घासले, तर क्लिअरन्स गेली आणि टूल कापण्याऐवजी किंचाळत घासू लागले. दांड्यावर लाटा उठल्या. त्या लाटा काढता काढता मापाच्या खाली कधी गेलो ते मला समजलेच नाही. बेअरिंग हाताने आत सरकले आणि हातानेच बाहेर आले. मिलवाला काही बोलला नाही. शाफ्ट ट्रॅक्टरमध्ये टाकून तो दुसरीकडे घेऊन गेला. त्याची आठ दिवसांची गिरणी बुडाली. ते गिऱ्हाईक आमच्याकडे पुन्हा आले नाही.

आमच्याकडे नाना म्हणून एक म्हातारे मदतनीस होते. मी डोके धरून बसलो होतो. ते लोखंडाची साल झाडता झाडता म्हणाले, "तुझ्या बापानं रोज रात्री तुझी टूलं घासून ठेवली नसती ना, तर हे तुले पहिल्याच महिन्यात समजलं असतं."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. पहिले दोन दिवस का बरे गेले तेही लागले: फळीवर बाबांनी घासलेली टूले शिल्लक होती. रात्री मी गोष्टी लिहीत असताना दुकानातून ग्राइंडरचा आवाज येई. मला वाटे, बाबा आपली टूले करताहेत. ते माझी करीत होते. दोन वर्षे, रोज.

बाबा घरी आले तेव्हा पिवळे पडलेले होते, काठीला धरून चालत होते. मी त्यांना तेवढीही उसंत दिली नाही. म्हटले, "तुम्ही मला सांगितलं का नाही? दोन वर्षं मला खुळ्यासारखं नाचवलं!" ते बाजेवर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुझा जीव याच्यात नव्हता. मले वाटलं, काम बिघडलं तर तू सोडून जासीन. म्हणून बिघडू नाही दिलं."

मी सोडून गेलोच. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके होतात. वडसा हे त्या नाटकमंडळ्यांचे माहेर. मी वडशाला एका कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून लागलो. विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्ये तिसऱ्यांच्या तोंडात घालण्याचे काम! त्यात माझा दोष मला दिसायला हवा होता, पण दिसला नाही. तिथेच लिहायची गोडी पक्की झाली. पुढे दोन कादंबऱ्या छापून आल्या. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान निवासी शाळेत मानधनावर मास्तरकीही मिळाली. नुसता मॅट्रिक म्हणून हजेरीपटावर माझे नाव सर्वांत खाली असते. शिकवायचा कार्यानुभव, पण मराठीचे मास्तर रजेवर गेले की 'कादंबरीवाले' म्हणून तो तास माझ्याकडे येतो. बाबा एकदा म्हणाले होते, लिहिणे आणि लेथ एका हाताला जमत नाही. मी त्यांना सांगितले, ज्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर निघाले तिथूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिकही निघाले. ते म्हणाले, "दोन्हीले माणसं वेगळी असतीन." बोलणे तिथेच थांबले. आमचे बोलणे पुष्कळ वर्षे असेच कुठेतरी थांबत असे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याची निबंधस्पर्धा होती. आमच्या शाळेतली आठवीतली एक मुलगी मोहफुलांवर लिहून घेऊन आली. तिचे पहिलेच वाक्य असे होते: मोह रात्री पडतो म्हणून आई पहाटेच्या आधी उठते. मला निबंध आवडला आणि म्हणून मी तो 'सुधारला'. आईच्या आधी मी सूर्योदय घातला. टोपलीच्या जागी निसर्गाची मुक्त उधळण आणली. रात्री जागून सगळा निबंध नवा केला आणि तिच्याकडून सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. बक्षीस मिळाले, दुसरे. बक्षीससमारंभात निबंध वाचून दाखवायचा असतो. आदल्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली आणि कागद पुढे करून म्हणाली, "सर, मले नाही वाचता येत. हे माझं नाही."

रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. चुकून आपल्या टोपलीत आलेले दुसऱ्याचे काही परत करावे तसा तिने तो कागद माझ्या हाती दिला. त्या रात्री मला आमच्या दुकानातला ग्राइंडरचा आवाज ऐकू आला. फरक एवढाच होता की या वेळी ग्राइंडरपुढे मी होतो.

दुसऱ्या दिवशी समारंभात तिने आपला पहिलाच कागद वाचला, काना-मात्रेच्या चुकांसह. परीक्षक एकमेकांकडे पाहू लागले. मी उठून त्यांना सगळे खरे सांगितले. बक्षीस गेले. मुख्याध्यापक माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. ती मुलगी मात्र बोलू लागली.

त्याच सुमाराला टेलरसाहेबाची ती गाठ पडली. जुन्या पुस्तकांच्या ढिगात धातू कापण्याच्या कलेवरचा त्याचा १९०६ सालचा प्रबंध मला मिळाला. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो महिनाभर वाचत होतो. या माणसाने सव्वीस वर्षे प्रयोग केले. तीस ते पन्नास हजार प्रयोग, आणि त्यांत आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाची साल काढली. एवढ्या खटाटोपानंतर त्याने जे नियम घालून दिले त्यांतला एक असा: टूल घासण्याचे काम टर्नरकडे ठेवू नये. कारखान्यात वेगळी टूलरूम असावी, तिथे ठरलेल्या मापाने टूले घासली जावीत आणि टर्नरला ती तयार मिळावीत. कारखान्याच्या हिशेबाने त्याचे बरोबरच होते. शंभर टर्नर शंभर तऱ्हांनी टूले घासणार, त्यांतली वीस चांगली निघणार. आज तर त्याच्याही पुढे गेले आहे. मोठ्या कारखान्यांतल्या संगणकी लेथवर कार्बाइडचे तयार तुकडे बसवतात. एक कोपरा झिजला की दुसरा फिरवायचा, सगळे झिजले की फेकून नवा. धार लावायची बातच नाही.

टेलरचे नाव बाबांनी ऐकलेले नव्हते. तरी आमच्या घरात रात्रीची एक टूलरूम चालत होती, आणि तिला हिशेबाचे नव्हे, मायेचे कारण होते. कारण कुठलेही असो, परिणाम एकच: ज्याच्या हाती टूल आहे त्याला ते टूल कळत नाही. हे मी बाबांना सांगायला हवे होते. सांगितले नाही. माझ्या कपाटात तो सुधारलेला निबंध अजून होता. कोणत्या तोंडाने सांगणार?

गेल्या दिवाळीआधी बाबांचा फोन आला. लेथ विकला होता. भाऊबीज झाली की नागभीडचा एक माणूस येऊन नेणार होता. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याला काचबिंदूने अर्धे ग्रासलेले. म्हणाले, "एक शाफ्ट आला आहे. लहान मिल आहे, चंद्रपूरले नेणं त्याले परवडत नाही. तू येशीन का?"

सुट्टी लागताच गेलो. शाफ्ट पाहिला आणि घशाला कोरड पडली. वेल्डिंगने भरलेली जागा, बेअरिंगचे माप, तेच पन्नास. बाबांनी फळीवरून तेलकट कागदात गुंडाळलेली एक नवी कांडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "मले चाक दिसत नाही आता. तूच घास."

सत्तावीस वर्षांनी मी त्या ग्राइंडरपुढे उभा राहिलो. बाबा मागे स्टुलावर बसले. मी खालची बाजू चाकाला लावली. मागून आवाज आला, "जोर कमी." लावलेला जोर त्यांनी ऐकला होता. थोड्या वेळाने, "आता बाजू बदललीस." मग, "बुडव." मी बुडवली, कांडी खरेच चटका द्यायच्या बेतात होती. चाकाचा सूर बदलला की त्यांना कोन बदललेला कळत होता. तांबूस, तुटक ठिणग्या माझ्या मनगटावर पडत होत्या आणि विझत होत्या. त्या त्यांना दिसत नव्हत्या.

या वेळी मी टोक निमुळते केले नाही. खाली सात-आठ अंशांहून अधिक क्लिअरन्स दिली नाही. वरचा उतार साध्या लोखंडाच्या निम्मा ठेवला, टोकाची गोलाई मोठी केली. वेल्डिंगच्या गाठी सोसायला धारेमागे माल हवा. टूल दिसायला बोजड झाले. अठराव्या वर्षीच्या मला ते दाखवले असते तर तो हसला असता. ऑइलस्टोनवर टोक फिरवून मी ते बाबांच्या हाती दिले. त्यांनी चारही बाजूंनी बोट फिरवले, धार नखावर टेकवली, आणि काही न बोलता ते फळीवर ठेवले. अंधार पडला होता. काम सकाळी करायचे ठरले.

सकाळी दुकान उघडले. टूल घेऊन मी दाराशी उजेडात गेलो. सवयीने पाहिले, आणि थबकलो. टोकाच्या गोलाईवर, धारेला लागून, केसाएवढी एक चकचकीत पट्टी होती. ती काल नव्हती. माझ्या रेघा थोड्या तिरप्या. ही पट्टी सरळ, एकसारखी. रात्री कुणीतरी ऑइलस्टोनवर दोन हात मारले होते. फक्त दोन. माझी एक बारीक खरखर राहिली होती, तेवढीच त्यांनी काढली होती. अंधारात काढली होती. त्यांना उजेड असून नसून सारखाच.

राग येईल असे मला वाटले होते. आला नाही. पूर्वी त्यांनी अख्खे टूल बदलले तरी मला दिसले नव्हते. आज त्यांचे दोन हात मला दिसले.

बाबा काठी टेकीत आले आणि स्टुलावर बसले. मी विचारले, "बाबा, रात्री दोन हात मारले का?"

त्यांनी मान वर केली. मोतीबिंदूचा डोळा माझ्या आवाजाच्या दिशेने वळला.

"दिसलं तुले?"

"दिसलं."

"मंग झालं," बाबा म्हणाले, आणि खिशातून सुपारीचे खांड काढून मला दिले.

टूल बांधले. उंची बरोबर आहे की नाही हे पाहायला बाबांनी शिकवल्याप्रमाणे स्टीलची पातळ पट्टी टूलचे टोक आणि दांडा यांच्यामध्ये धरली. ती सरळ उभी राहिली, म्हणजे टोक मध्यावर होते. लेथ सुरू केला. पहिल्या गाठीवर टूल एकदा दणकले, माझ्या पोटात गोळा आला, आणि मग ते पुढे गेले. साल जिलबीसारखी निघाली नाही. तुकडे तुकडे, काळेनिळे, आवाज करीत पडत होते. वेल्डिंगचे तसेच पडायचे. माप येईपर्यंत टोक मोडले नाही. दुपारी बेअरिंग हाताने चढले नाही, लाकडी हातोड्याच्या चार ठोक्यांनी बसले. बाबांनी ते ठोके मोजले.

संध्याकाळी मिलवाला ट्रॅक्टर घेऊन आला. पैसे देताना त्याने बाबांना विचारले, "काका, काम तुम्ही केलं की पोरानं?"

बाबांनी नोटा चाचपून मोजल्या. त्यांतली एक वेगळी काढून माझ्या हातात दिली आणि त्याला म्हणाले, "धार त्याची आहे."

बाहेर रस्त्यावर पोरांनी फुलबाज्या पेटवल्या होत्या. बाबांना दिसत नव्हत्या म्हणून, कुठल्या हातची ठिणगी कुठवर जाते ते मी त्यांना सांगत बसलो.